होळीचा बांबू आणि शेडची वाट

दुपारी शेडमध्ये शिरले तेव्हा कोंबड्या चोची उघड्या टाकून पडल्या होत्या. पंखे बंद. हातातल्या मोबाईलवर मात्र शेडचं तापमान सकाळचंच, गार दिसत होतं. सुनेने पंख्यांची बटणं हाताने दाबली, मी पडदे वर गुंडाळले. मग दोघींनी पत्र्यावर पाणी मारलं.

शेड घरापासून लांब, म्हणून घरात बसून पंखे चालू-बंद करायची सोय सुनेने केली होती. घरातल्या राऊटरचा हुकूम विहिरीवरच्या अँटेनावरून शेडला जायचा. ती अँटेना उंच बांबूला बांधलेली.

कोंबड्या सावरल्यावर सून विहिरीवर बघून आली.

"आई, बांबूच नाही."

मला लगेच कळलं. होळीला गावातला सगळ्यात उंच, सरळ बांबू लागतो आणि तो निवडायचा मान आमच्या म्हाताऱ्याचा.

म्हातारा ओट्यावर विडी ओढत होता.

"बांबू तुम्ही नेला?"

"होळीला दिला. अँटेना नीट सोडून कठड्यावर ठेवली. दिवासुद्धा चालू आहे तिचा."

"मग ओवाळा तिला. तिकडे कोंबड्या मरत होत्या."

"माझ्या बहिणीच्या छतावरून पण वाट आहे ना? तिकडून जायचं राऊटरने."

नणंद शेडला लागून राहते, तिच्या छतावरही अँटेना होती, म्हणजे तिच्याकडून खरंच दुसरी वाट होती. म्हातारा बरोबर बोलला याचाच मला जास्त राग आला.

सून म्हणाली, "वाट आहे बाबा, पण मी राऊटरला एकच लिहून दिलीय. शेडला जायचं तर विहिरीवरून. आपल्या छतावरची अँटेना चालू आहे, म्हणून त्याला वाटतं पुढेही सगळं ठीक आहे."

"सासऱ्यावर गेलाय," मी म्हटलं.

ती खाटेवर लॅपटॉप घेऊन बसली. आमचा, नणंदेचा आणि शेडचा, तिन्ही राऊटरना तिने सांगितलं की कुठली वाट उघडी, कुठली बंद, हे एकमेकांना कळवत राहायचं आणि उघडी असेल तिने जायचं. बाहेरच्या इंटरनेटला वाट एकच, तेवढी हाताने लिहिलेली तशीच ठेवली.

होळीनंतर विहिरीवर नवा बांबू लागला. सुनेने मला शेडमध्ये उभं केलं, विहिरीवरच्या अँटेनाची वायर मुद्दाम काढली आणि फोन केला.

"पंखा चालू करते. बघा."

पंखा हलेना. मी शिवी देणार, तेवढ्यात फिरला.

"फिरतोय," मी सांगितलं.

फोनमध्ये सुनेच्या मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "म्हणजे पुढच्या होळीला पण नेता येईल."

"विचारून न्या, बाबा," सून म्हणाली.

बांबू गेला त्या दुपारी दाराजवळच्या काही कोंबड्या गेल्या होत्या. बाकीच्या जगल्या. म्हाताराही जगला.