एकाच बोटाचं रक्त

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेल्या, वीस जणांच्या रक्ताच्या वीस काचपट्ट्या मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होतो. मलेरियाचा जंतू एकाही पट्टीत नव्हता. पण नारिंगी दाण्यांनी भरलेल्या पांढऱ्या पेशी प्रत्येक पट्टीत नको इतक्या होत्या. म्हाताऱ्याच्या रक्तात जितक्या, तितक्याच लेकराच्या. जंत झाले की असं दिसतं. सगळ्या पाड्यालाच जंत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. संध्याकाळी मात्र पट्ट्या आणणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला विचारलंच.

तो हसला. "सर, अख्खा डोंगर चढायचा, तर वर माणसं रानात गेलेली. तुम्हाला वीस पाहिजे होत्या ना? घ्या वीस." त्याने डावा हात पुढे केला. बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडली होती. "लय दुखतंय, मलम तरी द्या."

मीही हसलो. आमचा अभ्यास मलेरिया आणि कावीळ या दोन्हींचा होता आणि डासांवरच्या फवारणीनंतर ताप ओसरला हे दाखवायची मला घाई होती. पट्ट्या रद्द केल्या नाहीत. पाड्यापुढे शून्य लिहिलं.

त्याच आठवड्यात तिथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर बाईंचा फोन आला. "सर, सात महिन्यांची गरोदर बाई आलीये. ताप आहे, डोळे पिवळेधमक. मलेरिया तपासायच्या किट संपल्यात, सूक्ष्मदर्शक बंद आहे, पण तुमच्या यादीत ती निगेटिव्ह दिसतेय. मग कावीळच धरू ना?"

वीस नावांत तिचंही नाव होतं. ती पट्टी तिची नाही, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "हो. हिपॅटायटिसचे नमुने पाठवा."

पुढचे दोन दिवस गंगापूर रोडवरच्या घरात फोन वाजला की मी भरल्या ताटावरून उठायचो. बायको म्हणाली, "अहो, कुणाला एवढं घाबरताय?" मी ॲसिडिटीचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी नमुन्यांचा निकाल आला. हिपॅटायटिस नव्हता.

तिसऱ्या सकाळी सूक्ष्मदर्शक मांडीवर धरून मी जीपमध्ये बसलो. वाटभर एकच विचार होता, ती जिवंत असेल का. होती. तिचं बोट मी स्वतः टोचलं. पट्टी भिंगाखाली सरकवली, तर जिकडेतिकडे मलेरियाच्या जंतूंच्या बारीक अंगठ्या. लगेच औषध सुरू झालं. बाई वाचली. बाळ मेलेलंच जन्मलं.

तिचा नवरा माझ्या पाया पडला. "सर नाशकाहून धावून आले, म्हणून माझी बायको हाय," असं तो पुढे येईल त्याला सांगायचा. मी ऐकून घ्यायचो. कित्येक वर्षांनी माझ्या सत्काराच्या भाषणांतही ती गोष्ट आली. तेव्हाही मी मान खालीच घातली आणि लोकांना तो विनय वाटला.

गेल्या महिन्यात पाड्यावर जाऊन मी दोघांना सगळं सांगितलं. नवरा उठून बाहेर गेला. ती बसून राहिली. मग तिने तेच विचारलं, ज्याच्या भीतीने मी इतकी वर्षं तिथे फिरकलो नव्हतो. "साहेब, दोन दिस आधी आला असता, त माझं पोर राहिलं असतं का?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिथेही मी पुरतं खरं बोललो नाही. बहुधा राहिलं असतं.