सगळ्यात शुद्ध पाणी

दोन दिवसांच्या धो धो पावसानंतर आमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव निळाशार दिसत होता. तो सांभाळणारे सावंतकाका मात्र काठावर बसून, नळीत घेतलेल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून बघत होते. पाणी पिवळं व्हायला हवं होतं, ते झालंच नाही.

"क्लोरिन पार धुऊन गेलंय. आज कुणी उतरायचं नाही," ते मला म्हणाले.

तेवढ्यात आमचे चेअरमन पाहुण्यांची तीन मुलं घेऊन आले. "अहो, पावसाचं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध! उघडा फाटक."

"मग साहेब, आधी तुम्ही त्याची एक चूळ भरून दाखवा," सावंतकाका म्हणाले.

चेअरमन काठापासून दोन पावलं मागे सरले. मग मीटिंगचं काहीतरी पुटपुटत मुलांना घेऊन परत गेले.

अशा माणसांना अडाणी म्हणणं हासुद्धा त्यांचा सन्मानच. त्यांना सगळं कळत असतं, पण स्वतःच्या तोंडापुरतंच. पोरं दुसऱ्यांची असली की गटारही त्यांना गंगा वाटते. त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना मला किळस आली. आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण सोसायटीच्या गेल्या दोन्ही निवडणुकांत मी त्यालाच मत दिलं होतं.