प्रोसेसवाल्यांच्या टेबलावरचा पगार

"मॅडम इंजिनियर खरी, पण पगार आमच्या रिटॉर्टवाल्याहून कमी हाय तिचा!" कँटीनच्या मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मी डब्यातली भाजी चिवडत राहिले.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या आंबा-पल्पच्या कारखान्यात आम्ही चार ट्रेनी इंजिनियर होतो. आमच्या टेबलावर पगाराचा विषय निघत नसे. कुणाला पगार विचारणं असभ्य, हे माझ्या कॉन्व्हेंट शाळेतच मनावर बिंबलेलं. मागच्या टेबलावरचे प्रोसेसवाले, म्हणजे यंत्रांवरचे कामगार, मात्र पगाराच्या दिवशी स्लिपा टेबलावर पसरून एकमेकांना वाचून दाखवत. एखादा तास कमी लागलेला दिसला, की पाचजण मिळून हजेरी मांडणारं टाइम ऑफिस गाठत.

रिटॉर्ट म्हणजे भरलेले डबे वाफेवर तापवणारं यंत्र. ते चालवणारे काका उठून माझ्याकडे आले.

"रागावलीस काय गो? हे बघ."

त्यांनी स्लिप माझ्यापुढे ठेवली. आयटीआय शिकलेले, सव्वीस हजार. त्यात बराच भाग मे महिन्याच्या ओव्हरटाइमचा. माझे ठरलेले अठरा. तो मे महिना मीही त्यांच्या शेजारी बारा-बारा तास उभी होते.

"तुझे तास कोण लिहितो?"

कोणीच नाही. ट्रेनीला ओव्हरटाइम नसतो, असं पहिल्या दिवशी सांगितलं गेलं आणि मी "येस सर" म्हटलं होतं. पण डब्यांच्या प्रत्येक घाण्याच्या नोंदीवर, म्हणजे बॅच-शीटवर, तापमानाखाली माझी सही होती, वेळेसकट. दोन रविवार बसून मी त्या सगळ्या वेळा उतरवून काढल्या.

वर्ष भरलं तेव्हा कायम करण्यासाठी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. पुढचा आंबा महिन्यावर आला होता. पत्रावर बावीस हजार होते.

"एनी क्वेश्चन्स?"

मी माझा तासांचा कागद पुढे सरकवला. ते वाचत राहिले, एकदा माझ्याकडे बघून पुन्हा वाचत राहिले. मग पेनने बावीस खोडून तीस केले आणि खाली सीझनचा भत्ता वेगळा लिहिला. मला खुर्चीतच उडी मारावीशी वाटली.

"पण हे आपल्यातच राहू दे हं. बाकीच्या तिघांना कळायला नको."

"नाही सर," मी म्हणाले. "त्यांनीही तेवढेच तास भरलेत. मी त्यांना सांगणार."