उरलेली बत्तीस पानं

पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो असं ज्यानं कुणी सांगितलं, त्यानं आमच्या माडीवरची पोरगी बघितलेली नसणार. इतकं वाचून इतकं बिनकामाचं राहिलेलं माणूस मी चौऱ्याहत्तर वर्षांत दुसरं बघितलं नाही. कुकर लावला की शिट्ट्या मोजायच्या विसरते, दुधाखाली गॅस ठेवून खिडकीत वाचत उभी राहते, आणि दूध उतू गेलं की आधी पुस्तकावर थेंब उडाला का ते बघते. तिचे आईवडील पुण्याचे. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी म्हैसूरला आले, नोकरी संपली तशी परत गेले. पोरीचं कॉलेज राहिलं होतं म्हणून अग्रहारातल्या आमच्या घरात माडीवरची खोली घेऊन दिली. तिला ठेवून घ्यायचं बायकोनं ठरवलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हणणार होतो, म्हणून विचारलं नाही.

ही पोरगी ब्लॉग लिहिते. म्हणजे काय, तर पुस्तक वाचायचं, ते कसं आहे ते फोनमध्ये लिहायचं, आणि ओळख ना देख अशा माणसांनी येऊन त्याखाली वा वा करायचं. मी कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि पुढं जन्मभर बस चालवली. मराठी अक्षरं मला लग्नानंतर बायकोनं पाटीवर शिकवली. ती बेळगावकडची, सातवी पास. त्यामुळं मला या धंद्यातलं कळायचं नाही. मी एकदा विचारलं, "सुम्ने लिहितीस की कुणी लिवायला सांगितलंय?" सुम्ने म्हणजे आमच्यात उगीच. ती म्हणाली, "आजोबा, पॅशन आहे." मी म्हटलं, "मग ठीक हाय, मला वाटलं आजार हाय." बायको आतून हसली. दोघींची तेव्हाच गट्टी जमली होती, माझ्याविरुद्ध.

नुसतं वाचून भागत नाही, पुस्तकाचा फोटो काढावा लागतो. त्यासाठी आमच्या देवघरातली पितळी ताटली, परड्यातली मोगऱ्याची फुलं आणि माझी कॉफी लागते. माझीच. वाफ निघणारी पाहिजे म्हणून. पुस्तक ताटलीशेजारी, फुलं पुस्तकावर, कॉफी पुस्तकाच्या बगलेत, आणि ही स्टुलावर चढून वरून फोटो काढते. मी म्हणायचो, "अगं, कॉफी प्यायची असती, तिचं लगीन लावायचं नसतं." तोवर कॉफी थंड. बायको एक शब्द न बोलता दुसरी करायची. माझ्यासाठी चाळीस वर्षांत तिनं दुसऱ्यांदा कॉफी केली ती सगळी या पोरीच्या पुस्तकांपायी.

वाचत चालायची सवय तर असली की रस्त्यातली गुरं तिला ओळखून बाजूला होतात. एक गाय झाली नाही. पोरगी तिच्या अंगावर जाऊन आदळली, पुस्तक खाली पडलं, आणि गाईनं शेवटची दोन पानं ओढून खाल्ली. दुसरी कुणी रडली असती, नाहीतर गाईच्या मालकाशी भांडली असती. हिनं घरी येऊन लिहिलं की शेवट गाईलाही पचायला जड गेला. त्याला म्हणे फार वा वा आली. आणि सगळ्याला तारे द्यायचे. पुस्तकाला द्यावेत, पण कोपऱ्यावरच्या इडलीला साडेतीन, आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या बँडला एक, आणि बायको गावाला गेली असताना मी केलेल्या उप्पिट्टाला दोन. मी म्हटलं, "दोन कशाचे?" म्हणाली, "एक मिठाचा, एक तुमच्या प्रयत्नाचा." मी तिला तेव्हाच खोली सोडायला सांगणार होतो.

पुस्तकातलं माणूस मेलं की ही दोन दिवस जेवत नाही. खरंच जेवत नाही. पहिल्यांदा मला वाटलं घरचं कुणी गेलं. मी माडीच्या पायऱ्या चढून गेलो, म्हटलं, "कोण गं?" तर म्हणे एक डॉक्टर. कुठला डॉक्टर, तर कागदातला. बायकोनं वर ताट पाठवलं, ते तसंच खाली आलं. त्यावर बायको मला म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं." बरोबर होतं. मला कळलं नाही.

बायकोचे डोळे गेले तेव्हा पोरगी इथं येऊन वर्ष झालं होतं. पूर्ण नाही गेले. डोळ्याच्या मधोमध डाग पडला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दारातून आलेलं माणूस दिसायचं, हातातलं अक्षर दिसायचं नाही. ती सातवी शिकलेली, पण वाचायची फार. आता वाचून कोण दाखवणार? मी दाखवलं नाही. मी अक्षराला अक्षर जोडत वाचतो, गिअर न पडणाऱ्या गाडीसारखा, आणि मला लाज वाटायची. म्हणायचो, "रेडिओ ऐक की." मग पोरगी रोज चारला कॉलेजातून यायची आणि दारापुढच्या कट्ट्यावर तिला वाचून दाखवायची. एक नियम बायकोनं घालून दिला होता. पुस्तक दोघींनी मिळून धरलंय, तर पोरीनं एकटीनं पुढं जायचं नाही. मी आत बसून पेपर बघायचो आणि दार लोटून घ्यायचो. माझ्या घरातल्या माझ्या बायकोला हसताना ऐकायचं असलं तर मला दाराला कान लावायला लागायचा. तेही मी केलं नाही.

दसरा संपून गर्दी ओसरली आणि बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. फुप्फुसात पाणी. पोरीची परीक्षा चालू होती. निघताना ती रिक्षापर्यंत आली आणि म्हणाली, "आजी, परीक्षा झाली की उरलेली पानं." बायको म्हणाली, "अभ्यास कर. पानं कुठं जात नाहीत." पाचव्या दिवशी तिला घरी आणलं, ते कसं ते सांगायला नको.

त्या दिवशी ही पोरगी रडली नाही. कागदातल्या डॉक्टरसाठी दोन दिवस उपाशी राहणारी, आमच्या घरी खरं माणूस गेलं तर दारात बसून आलेल्यांच्या चपला जोडीनं लावत होती. मी बघत होतो. एक चप्पल सरळ, मग दुसरी. मी मनात म्हटलं, तुझं रडं पुस्तकातच संपलं काय गं. नंतर तीन महिने मी तिच्याशी कामापुरतं बोललो. पाणी आलं, गेट लाव, एवढंच. कॉफी मी एकट्यापुरती करायचो आणि गरम असताना प्यायचो. तीही खाली यायची नाही. कट्ट्यावर मांजर बसायला लागलं.

बायकोचा फोन मी रोज चार्ज करतो. का ते विचारू नका. त्यात पोरीनं ब्लॉग घालून ठेवला होता, नवीन काही लिहिलं की टिंग वाजायचं. वर्ष संपत आलं आणि टिंग वाजलं. मी चष्मा लावून वाचायला बसलो. वरती लिहिलं होतं, वाचक म्हणून माझी वाढ. एक तास लागला मला ते वाचायला. पहिल्या वर्षी म्हणे ती नुसती पुस्तकं मोजायची. मग तिला भाषा दिसायला लागली. मग माणसं दिसायला लागली. ठीक आहे, दिसू देत. शेवटी लिहिलं होतं, "प्रत्येक पुस्तक संपवायलाच हवं असं नाही, हे मी यंदा शिकले. एक पुस्तक बत्तीस पानं राहिली असताना मी बंद केलं. सोडून देता येणं, हीसुद्धा वाढच." खाली लोकांची वा वा. किती प्रगल्भ, म्हणे.

माझं डोकं फिरलं. तसाच फोन घेऊन माडीवर गेलो. गुडघे दुखत होते, दुखू देत म्हटलं. ती टेबलाशी बसली होती. पुस्तक तिथंच होतं, बायकोची केसांची पिन खूण म्हणून घातलेलं.

"ही वाढ काय गं?" मी विचारलं.

"आजोबा, बसा ना."

"बसायला नाही आलो. पळून जाशील आणि त्याला वाढ म्हणशील, आणि जगानं वा वा करायचं. सोडलं म्हणे. तू सोडलंस की तिनं?"

तिनं पुस्तकातली पिन बोटानं आत सरकवली.

"तो धाकटा घरी आला का नाही, एवढं सांग. मी जातो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी दुसऱ्याच कुणाचा आवाज काढलाय. "तुम्हाला धाकटा कसा माहीत?"

"ते तुला काय करायचंय. आला का?"

"मला माहीत नाही. मी पुढे वाचलंच नाही. एकटीनं जायचं नाही असं ठरलं होतं आमचं." एवढं म्हणून ती रडायला लागली. तीन महिन्यांचं एकदम रडली. नाक पुसायला तिला काही सापडेना, तेव्हा मी खांद्यावरचा पंचा दिला. मला तेव्हा चपलांचं कळलं. वाचूनच काय, बघूनही माणसाला उशिरा कळतं.

"माझ्यानं होणार नाही, आजोबा," ती म्हणाली.

"होतंय का नाही ते विचारलं नाही. उद्या चारला खाली ये. मी बसतो तिच्या जागी. मग एकटी कशी?"

ती आली. मी मांजराला उठवलं. मला गोष्ट ठाऊक नव्हती, तेव्हा तिनं आधी थोडक्यात सांगितली. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्याचा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेलेला, आणि आई वाट बघते. मग वाचायला लागली. वाचते छान, खोटं कशाला बोलू. बत्तीस पानांना दोन दिवस लागले. शेवटी धाकटा आला नाही. तो वर्षापूर्वीच परगावी मेल्याचं पत्र आलं, आणि थोरल्यानं ते आईला वाचून दाखवलं नाही.

मी म्हटलं, "लिवणाऱ्याचं काय बिघडलं असतं त्याला घरी आणलं तर?"

ती म्हणाली, "असंच खरं वाटतं, आजोबा."

"मग मी तिला खोटं सांगितलं."

तिनं पुस्तक मिटलं. मग मला सांगावं लागलं. दवाखान्यात पहिल्याच दुपारी बायकोनं विचारलं होतं, तो धाकटा आला का हो घरी? मला वाटलं आमच्यातलाच कुणी. मी म्हटलं, कोण धाकटा? म्हणाली, पुस्तकातला, पोरीला विचारा. पोरीची परीक्षा. आणि मला तिथं गप्प बसवेना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, येतोय, निघालाय. म्हणाली, कुठनं? मला दुसरं काय सुचणार? मी ज्या रस्त्यावर गाडी चालवली तोच रस्ता, मंगळूर ते म्हैसूर. म्हटलं, मंगळूरहून बस धरलीय त्यानं. पहिल्या दिवशी मी त्याला घाट चढवून मडिकेरीला आणलं. दुसऱ्या दिवशी टायर पंक्चर केलं, कारण सरळ आणला असता तर गोष्ट संपली असती. तिसऱ्या दिवशी कुशालनगर, तिथं त्यानं आईसाठी संत्री घेतली. चौथ्या दिवशी पिरियापट्टण.

पोरगी म्हणाली, "पण आजोबा, त्यांचं घर रत्नागिरीला आहे."

"ते मला काय ठाऊक? मी त्याला आमच्याच घरी आणत होतो."

"आजी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, असं नाही होत हो. पण सांगा."

पोरगी कट्ट्याच्या फरशीवर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "पाचव्या दिवशी?"

"पाचव्या दिवशी हुणसूर. स्टँडवर गाडी लावली. तिला म्हटलं, इथं दहा मिनटं थांबती, मी कॉफी पिऊन येतो. आणि खाली गेलो."

वर आलो तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

दुसऱ्या दिवशी ती चारला परत आली, हातात पुस्तक नव्हतं. बसली आणि म्हणाली, "गाडी अजून हुणसूरलाच आहे का?" मी म्हटलं, "कुठं जाणार? ड्रायव्हर कॉफी प्यायला गेलाय." म्हणाली, "मग आता सोडा की."

मी गाडी सोडली. हल्ली रोज चारला थोडी थोडी चालवतो. परवा एक म्हातारी कोंबड्या घेऊन चढली, तिचं आणि कंडक्टरचं भांडण दोन दिवस पुरलं. काल बिळिकेरे मागं पडलं. तिथून म्हैसूर किती जवळ आहे ते पोरीला चांगलं ठाऊक आहे, कॉलेजच्या सहलीला ती त्याच रस्त्यानं गेली होती, पण ती काही बोलत नाही. मे संपला की तिचं कॉलेज संपतं आणि ती पुण्याला जाणार. तोवर गोष्ट पुरवायची आहे.