सुवर्णपुरातला बांध

सुवर्णपूर उद्ध्वस्त करायला राक्षसाला सात दिवस लागले होते. मी आणि माझे थोरले बंधू अण्णा, आम्ही तेच काम पाऊण तासात उरकलं.

सुवर्णपूर म्हणजे आमच्या जावयांनी, नितीनरावांनी, पातळ लाकडी फळीवर हाताने रंगवलेलं शहर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी खेळ बनवायला घेतले होते. (हे कळल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी होती.) एक कंपनी त्यांचा हा खेळ बाजारात आणायला तयार होती, पण अट एकच : कुठल्याही साध्यासुध्या कुटुंबाला तो झटकन कळला पाहिजे. आता आमच्याहून साधं कुटुंब कुठलं! म्हणून लेक-जावई रविवारी सोनईला आमच्या घरी आले. आम्ही खेळायचं, त्यांनी व्हिडिओ काढायचा आणि सोमवारी तो व्हिडिओ आणि ती एकुलती एक फळी घेऊन कंपनीत जायचं.

"पप्पा, मोबाईल चालू असेपर्यंत तरी शहाण्यासारखं वागा," प्राजक्ता म्हणाली. पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला हे सांगायचं!

नितीनरावांनी मोबाईल शेंगदाण्याच्या डब्याला टेकवला आणि खेळ समजावला. राक्षसाने शहर पाडलंय. प्रत्येकाने आपापल्या पेठेत घरं, विहीर, भिंत उभारायची. राक्षस परत यायच्या आत सगळ्या पेठा पुऱ्या झाल्या तर सगळे जिंकले.

"मंग हरायचं कुनी?" अण्णांनी विचारलं.

"हरले तर सगळेच हरतात, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी हरणार नसेन तर खेळायचं कशाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

आमच्या पेठा नेमक्या शेजारी आल्या. खरी शेतंही शेजारीच आहेत, आणि आमच्या दोघांत बांध सोडून सगळं गोड आहे. अण्णांनी पहिलीच भिंत ठेवली, ती रेघेच्या अलीकडे, माझ्या हद्दीत!

"अण्णा, भिंत सरकवा."

"ती मूळचीच तितं हाय."

"मूळची? आत्ता डब्यातून काढली की तुमी!"

"तुजी ही सवय लई जुनी हाय, भास्कर."

मी शांतपणे माझी विहीर उचलली आणि त्यांच्या अंगणात ठेवली. अण्णांनी तिच्यावर घर ठेवलं. "अहो, खेळ हाय तो!" सौ. ओरडली, तेव्हा मी कपाटातून मोजणीचा टेप काढत होतो. आवाज ऐकून समोरच्या ओट्यावरचे दोघे जण पंच म्हणून आपणहून आत आले. एकाने दोरी धरली, दुसऱ्याने रांगोळीची रेघ मारली. इकडे राक्षस कधीच येऊन पोचला होता. त्याला कुणी विचारत नव्हतं.

शेवटी निकाल लागला. हद्द मधोमध. जन्मात पहिल्यांदा दोघांना मान्य!

"खूण रवल्याबिगर मोजनी झाली म्हनत न्हाईत," अण्णा म्हणाले. हेही मला मान्य होतं. आमच्याकडे मोजणी झाली की हद्दीवर खूण रोवल्याशिवाय कुणी घरी जात नाही. मी धावत जाऊन हातोडी आणि खिळा आणला. अण्णांनी खिळा धरला. मी ठोकला.

सुवर्णपूर उभं चिरलं. अर्धं माझ्याकडे, अर्धं अण्णांकडे.

नितीनराव खाली वाकून रांगोळीत पडलेली घरं एकेक करून वेचू लागले. तीन महिने रात्री जागून रंगवली होती त्यांनी ती. प्राजक्ता माझ्याकडे बघतही नव्हती. मला फार लाज वाटली. पंच कधी पसार झाले कळलंही नाही.

अण्णा उठले आणि सुतारकामाचा डिंक घेऊन आले. फळीचे दोन तुकडे जोडून आम्ही दोघं दोन बाजूंनी दाबून बसलो, चांगला तासभर. हाताला हात लागत होता. किती वर्षांनी, कोण जाणे.

"चुकलंच रं आपलं," अण्णा हळूच म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो.

"पर तुजी बाजू उचलतीय."

सोमवारी नितीनरावांनी सांधलेली फळी आणि तो व्हिडिओ, दोन्ही दाखवलं. दुसरं होतं काय दाखवायला? कंपनीवाले म्हणे पोट धरून हसले. म्हणाले, खेळ तर या म्हाताऱ्यांनाही कळला. फक्त राक्षस कमी पडतोय, यांनाही घ्या!

आता खेळ बाजारात आलाय. त्यात 'भाऊबंद' नावाचा एक पत्ता आहे. तो निघाला की दोन पेठांचं बांधकाम जागच्या जागी थांबतं. त्यावर टेप ओढणारे दोन म्हातारे आहेत, हुबेहूब आम्ही! प्राजक्ताला वाटलं, मी चिडेन. छे! जावयाचं भलं झालं, मला आनंदच आहे. माझी तक्रार एवढीच, की त्या पत्त्यावर अण्णांना माझ्यापेक्षा दोन मिलिमीटर जागा जास्त दिलीय.

मी टेपने मोजलंय.