सुवर्णाच्या टेबलाची उंची

सुवर्णा खानझोडेनं केलेलं पहिलं टेबल मी विकत घेतलं. दुसरंही घेतलं असतं, पण तेव्हा नंबर तळमजल्यावरच्या रवीचा होता. हे सांगताना मला काडीचीही लाज वाटत नाही. तिचा त्या दिवशीचा चेहरा पाहिला असतात, तर तुम्हीही मुकाट्यानं घेतलं असतंत.

सुवर्णा मूळची नागपूरची. तिथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि तिच्या वर्गात म्हणे शेवटच्या बाकावरची दांडगट पोरंसुद्धा वही काढून बसायची. २००५ साली ती नवऱ्याच्या पाठोपाठ मिनेसोटात आली. ईडन प्रेरीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खालच्या घरात. नवरा राजेश सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर नोकरी होती आणि हिच्या व्हिसावर नवरा होता. पगार घेऊन काम करायची हिला मनाई.

पहिल्या काही महिन्यांत तिनं घर एवढं आवरलं की राजेशला स्वतःचे मोजे विचारून घ्यावे लागायचे. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावून झाली. मग माझ्या मसाल्याच्या डब्यांनाही लावून झाली. एकदा मी ऑफिसातून दमून आले, तर ही दारात उभी.

“नेत्रा, तुझ्याकडे काही बिघडलेलं आहे का?”

“माझं डोकं,” मी म्हटलं.

“ते राहू दे. वस्तू सांग.”

अशा बाईला काम मिळालं नाही तर बिल्डिंगीचं काही खरं नव्हतं. सुदैवानं तिला जवळच्या एका चर्चचं दुकान सापडलं. लोकांनी दिलेलं जुनं सामान तिथे विकायचे आणि त्यातून बेघर कुटुंबांचा निवारा चालवायचे. अधूनमधून शनिवारी मोठा सेल लागायचा. दुकान सांभाळणाऱ्या मार्लीस नावाच्या आजीबाईंना सुवर्णा म्हणाली, पगार नको, काम द्या. मार्लीसनं मागच्या खोलीतलं एक जेवणाचं टेबल दाखवलं. अस्सल ओकचं, जड, कपांच्या डागांनी भरलेलं आणि चारही बाजूंनी डुगडुगणारं. याचं काही होईल का?

सुवर्णानं उभ्या आयुष्यात स्क्रू ड्रायव्हरनं रेडिओ सोडून काही उघडलं नव्हतं. नागपुरात बिजागरी कुरकुरली तरी सुतार घरी यायचा. पण ती म्हणाली, होईल.

बिल्डिंगीमागच्या त्यांच्या गॅरेजमधून राजेशची गाडी बाहेर बर्फात गेली आणि टेबल आत आलं. लायब्ररीतून पुस्तकं आली. करवत आली, सँडपेपर आले, आणि दर शनिवारी सकाळी माझ्या झोपेत घरघरणारं सँडिंगचं मशीन आलं. टेबल डुगडुगतं याचा अर्थ एक पाय लांब आहे, हे तिनं मला कागदावर आकृती काढून समजावलं. मग तो पाय कापला. मग दुसरा लांब निघाला, म्हणून तोही कापला. मग तिसरा. पायांचा तोटा नव्हता, लांबीचा मात्र पडत चालला.

तिच्या मोजमापात खोट नव्हती, हे मी आज शपथेवर सांगेन. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे नाचणारीला नाचता येत होतं आणि अंगण खरोखरच वाकडं होतं. चाकांना चिकटलेल्या बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून त्या गॅरेजची जमीन मधल्या जाळीकडे उतरती केलेली होती. त्या उतारावर टेबल घट्ट उभं राहीपर्यंत ती पाय कापायची, आणि दुकानाच्या सपाट फरशीवर नेलं की ते पुन्हा डुगडुगायचं. बिल्डिंगीत इंजिनिअर ढिगानं होते. एकाच्याही डोक्यात हा प्रकाश वेळेवर पडला नाही.

पहिल्या सेलला ती चर्चच्या हॉलमध्ये इरकली नेसून उभी राहिली. टेबल वर गुळगुळीत झालं होतं, पण गुडघ्यांच्या दृष्टीनं फारच बुटकं होतं. एका गृहस्थानं त्यावर कॉफीचा पेला ठेवला, टेबल एका बाजूला झुकलं आणि पेला सावकाश कडेपर्यंत गेला. गृहस्थानं तो उचलला आणि “सॉरी” म्हणाला. टेबलाला म्हणाला. मिनेसोटाची माणसं कमालीची सभ्य. “दॅट्स डिफरंट,” असं म्हणायची आणि पुढे सरकायची. इथे या शब्दांचा अर्थ ‘नको गं बाई’ असा होतो हे सुवर्णाला माहीत नव्हतं. तिला ती स्तुती वाटली. पण दुपार उतरायला लागली, बाजूची मोडकी खुर्चीसुद्धा गेली, तेव्हा तिचा चेहरा हळूहळू बारीक होत गेला. ती टेबलावरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत राहिली.

राजेशनं मला जुन्या पुस्तकांच्या कपाटामागे ओढलं.

“यार नेत्रा, प्लीज तू घेऊन टाक ना. मी घेतलं तर तिला समजेल.”

“आणि ठेवू कुठे? डोक्यावर?”

“ते नंतर फिगर आउट करू. बघ ना तिच्याकडे.”

मी बघितलं आणि फसले. भीड भिकेची बहीण, ते खोटं नाही. सुवर्णा आत सगळ्यांचा चहा करायला गेली तेवढ्यात मी आणि माझा नवरा विनय ते टेबल गाडीत कोंबून पसार झालो. कोणी अनोळखी जोडपं घेऊन गेलं, असं राजेशनं तिला सांगितलं.

संध्याकाळी ती शिऱ्याची वाटी घेऊन वर आली, फोन कानाला लावूनच. पलीकडे नागपूरला तिची आई होती. “आई, इथल्या एका घरात आता माझ्या हातचं टेबल आहे! अगं, अनोळखी माणसांच्या घरात!” ते टेबल तेव्हा माझ्या बेडरूममध्ये, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, चादरीखाली उभं होतं. विनयला झोपायला पायथ्याकडून चढून जावं लागायचं. सुवर्णानं विचारलं, “ते काय आहे?” मी म्हटलं, “इस्त्रीचं टेबल.” ती म्हणाली, “केवढं मोठं! राजेशलाही दाखवते.” मी तिला जवळजवळ ढकलतच बाहेर नेलं.

मैत्रिणीच्या हातची वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? आणि रोज घरात येणाऱ्या मैत्रिणीपासून टेबल लपवायचं तरी किती? शेवटी मी आणि विनयनं ते बाल्कनीत हिरवं रंगवलं, ओळखू येऊ नये म्हणून, आणि एका मंगळवारी दुकानाच्या मागच्या दारात ठेवून आलो. मार्लीसला आनंद झाला. तिनं सुवर्णाला लगेच फोन केला, आणखी एक डुगडुगतं टेबल आलंय.

“पाहून घे, नेत्रा,” मला गॅरेजमध्ये नेऊन सुवर्णा म्हणाली, “कोण्या अडाण्यानं रंग फासलाय, बाप्पा! ब्रशचे केस अडकलेत यात. लाकडाची काही कदर?”

“नाही ना,” मी म्हटलं.

तिनं तो रंग खरवडला, पाय पुन्हा सारखे केले आणि जेवणाच्या टेबलाचं कॉफीचं टेबल झालं. ते रवीनं घेतलं. त्यानं निळं रंगवून परत दिलं. पुढचा नंबर वरच्या मजल्यावरच्या प्रीताचा. तिनं त्यावर सूर्यफुलांचा वॉलपेपर चिकटवला. राजेशनं गुपचूप पाळ्या लावल्या होत्या. बिल्डिंगीतली अर्धी मराठी माणसं चोरून लाकूड घासायला शिकली आणि ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत कुठला सँडपेपर बरा यावर वाद घालू लागली. सुवर्णा मात्र एकाच निष्कर्षाला आली होती. “या अमेरिकन लोकांना सरळ टेबल बनवताच येत नाही. जे येऊन राहिलं ते डुगडुगतंच!”

गंमत म्हणजे तिचा हात खरोखर बसत चालला होता. लाकूड लोण्यासारखं मऊ लागायचं. फक्त दर खेपेला ते जमिनीच्या आणखी जवळ यायचं. नागपूरला तिची आई शेजारपाजारी टेबलं मोजून सांगत होती.

मला या सगळ्याचा राग यायला लागला होता. तिचा नाही, आमचा. तिला दुसरं काही नको होतं. एखाद्या परक्या घरात आपल्या हातची एक वस्तू रोजच्या वापरात असावी, इतकंच. नेमकं तेवढं सोडून आम्ही तिला बाकी सगळं देत होतो. हे तिला कळलं तर ती पुन्हा कधी करवतीला हात लावणार नाही, या भीतीनं आम्ही आणखी एकदा ते विकत घ्यायला निघायचो.

पुढच्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालेला असताना, पुन्हा सेल लागला. उंचीला टेबल आता चौरंगाएवढं उरलं होतं. मांडी घालून बसलं तरच त्याचा उपयोग, आणि अमेरिकेत मांडी घालतो कोण? नंबर विनयच्या मित्राचा होता, पण तो तापानं आडवा. म्हणून राजेश स्वतःच घ्यायला तयार होऊन आला होता, ऑफिसातल्या एका साहेबासाठी घेतोय असं सांगणार होता.

पण टेबलापाशी कोणीतरी आधीच बसलं होतं. अक्षरशः बसलं होतं, फरशीवर. साठीची एक सोमाली बाई, डोक्यावरून जांभळं वस्त्र घेतलेली, टेबलाशेजारी पाय मुडपून बसून त्यावर तळहात फिरवत होती. सोबत तिची सून होती, हॉस्पिटलच्या कपड्यांत, बहुधा ड्यूटीवरून थेट आलेली. सासूनं टेबल हलवून पाहिलं. ते डुगडुगलं. सासू सुनेला काहीतरी म्हणाली आणि सून हसली.

“आई म्हणताहेत, गालिच्यावर ठेवलं की नाही हलणार. आम्ही गालिच्यावरच जेवतो.”

इतक्यात राजेश पोचला. त्यानं फक्त टेबल पाहिलं आणि बायकोचा चेहरा पाहिला, आणि सवयीनं टेबलाची दुसरी कड धरली.

“एक्स्क्यूज मी, धिस इज माइन.”

“ही बाई आधी आली होती, राजेश,” मार्लीस म्हणाली.

बाईंनी आपली कड सोडली नाही. राजेशनंही सोडली नाही. त्यानं हळूच ओढलं, बाईंनी त्याहून जोरात ओढलं. बाई बसलेल्या, हा वाकलेला, आणि मध्ये वीतभर पायांचं टेबल फरशीवर टकटक आवाज करत मागेपुढे होतंय. हॉलमधले सगळे सभ्य लोक थांबून दुसरीकडे बघायला लागले. मी राजेशला मराठीत ओरडून सांगत होते, “अरे सोड, गाढवा, खरं गिऱ्हाईक आहे ते!” पण घाबरलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही.

“यू डोन्ट अंडरस्टँड,” तो मार्लीसला कळवळून म्हणाला, “वी ऑलवेज बाय धिस टेबल!”



“ऑलवेज?” सुवर्णा म्हणाली.

ती खाली बसली. टेबल दोघांच्या हातांतून काढून तिनं उलटं केलं. वरून तिनं सगळं लख्ख घासलं होतं, पण खालच्या कोपऱ्यांत, जिथे पाय फळीला जोडले होते, तिथे बारीक फटींमध्ये थोडा हिरवा रंग होता, त्यावर निळा, आणि निळ्याला चिकटलेली सूर्यफुलाची एक पिवळी पाकळी. तिनं ती पाकळी बोटानं चाचपली. मग माझ्याकडे मान वळवली.

“हिरवा तुझा?”

“हो.”

“मी त्याला अडाणी म्हटलं होतं.”

“बरोबरच म्हटलं होतंस.”

“मला वाटायचं,” मार्लीस अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुम्हां लोकांत अशी काही रीत असेल. म्हणून मी विचारलं नाही.”

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी भरलं. मला वाटलं, संपलं, आता ही सरळ घरी जाऊन डब्यांची लेबलं बदलायला घेणार. माझंही रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात सोमाली बाईंनी तिच्या दंडाला बोटानं टोचलं आणि सुनेकडे पाहून काहीतरी विचारलं.

“आई विचारताहेत,” सून जरा संकोचानं म्हणाली, “टेबल विकायचं आहे की नाही? आल्यापासून आम्ही असं शोधतोय. इथे सगळी टेबलं उंच आहेत. आणि एवढं बुटकं कोणी केलं, तेही विचारताहेत.”

सुवर्णानं पदरानं नाक पुसलं आणि वर्गात हजेरीला पोरं करतात तसा हात वर केला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, टेबल सुलटं केलं, त्यावर दोनदा थाप मारली आणि सुनेला दुसरी बाजू धरायला लावून ते उचललं. राजेशचा हात अजून हवेत होता. “हात खाली घे,” सुवर्णा त्याला म्हणाली. परत येताना गाडीत ती पुढे बसली नाही, मागे माझ्याशेजारी बसली, आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो पुढचे कितीतरी दिवस आपले मोजे स्वतः शोधत होता.

संध्याकाळी ती वर आमच्याकडे आली. शिरा नव्हता. आमच्या बाल्कनीत उभी राहून तिनं नागपूरला फोन लावला. तिच्या आईचा आवाज एवढा खणखणीत की मला आत स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

“आई, टेबल विकलं.”

“आणखी एक? किती टेबलं विकशील, बाप्पा! शेजारच्या काकू विचारून राहिल्या होत्या, एकूण किती झाली म्हणून. काय सांगू त्यांना?”

बाल्कनीच्या कठड्यावर माझ्या हिरव्या रंगाचे थेंब अजून होते, त्यांतला एक सुवर्णा नखानं खरवडत होती.

“हे पहिलंच, आई,” ती म्हणाली.