व्याह्यांच्या पोटातला आकडा

येळ्ळूरच्या आमच्या गल्लीत बातमी अशी पसरली, की अक्काताईच्या माधवीनं निपाणीच्या व्याह्यांवर करणी केली. भावाचा साखरपुडा होऊन आठवडा उलटला नाही तोवर ही बया पिशवी घेऊन व्याह्यांच्या दारात गेली आणि घरातल्या एकेकाकडनं नको ते डबीत भरून घेऊन आली. आता अमावस्येला त्याचं काय करणार, ते देवालाच ठाऊक! लोकांचं तरी काय चुकलं म्हणा. डब्या खऱ्या होत्या, डब्यांत होतं तेही खरंच होतं. करणीचा तेवढा पत्ता नव्हता. बाईची नोकरीच तशी आहे.

माधवी बेळगावात सरकारी प्रयोगशाळेत कामाला. खाण्यातनं सालमोनेला नावाचा जंतू किती जणांच्या पोटात जातो, लाखामागं किती, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, हे मोजायचं तिचं काम. बाकीच्या बायका भेटल्या की "जेवलीस काय गं?" विचारतात, ही "काल पोट ठीक होतं न्हवं?" विचारते. बारशाला गेली तर बाळाच्या आधी पातेल्यात डोकावते. तिला जेवायला बोलवायचं म्हणजे घरावर धाड घालून घ्यायची.

पण तिचं दुखणं वेगळंच होतं. आमच्या भागात जुलाब कुणालाच होत नाहीत. ऊन लागतं, दृष्ट लागते, पित्त खवळतं, पाणी बाधतं. जुलाब होतात ते शेजाऱ्याला. निपाणीकडचे गाडीवाले तर हद्द ओलांडून कागलला सलाइन लावून येतात. खाल्लं कर्नाटकात, निघालं महाराष्ट्रात. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, हा आकडा कुणाच्या पदरात घालायचा तेच आधी सुटत नाही. मग माधवी वर पाठवायची ते शून्य. साहेब खूश. आपला भाग किती निरोगी म्हणून चहा मागवायचे.

अशात तिच्या धाकट्या भावाचा, सौरवचा, साखरपुडा निपाणीत झाला. मुलगी रचना, तिचा बाप भावकू, आणि भावकूचा मेव्हणा नागेंद्र. नागेंद्र गोव्यात हॉटेलात राबून आलेला, त्यामुळं घरातल्या कार्यात कढई त्याचीच. त्यानं कच्ची अंडी फेटून बादलीभर मेयोनीज केलं, दुपारभर मांडवाच्या उकाड्यात ठेवलं आणि चिकनच्या तुकड्यांवर पळीपळीनं ओतलं. जगाला शिकवणाऱ्या माधवीनं काय करावं? दोनदा मागून घेतलं. व्याह्यांचा मान राखला, म्हणते.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं आडवी. येळ्ळूर म्हणालं, निपाणीचं पाणीच बाधतं. निपाणी म्हणाली, येळ्ळूरकरांची नजर वाईट. बाहेर बोलायचं नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

माधवीनं पहिली डबी स्वतःचीच तपासली. सालमोनेला! लग्न तोंडावर आलेलं, आणि गाव पुन्हा नागेंद्रच्याच हातचं खाणार. माणूस बरा झाला तरी हा जंतू त्याच्या पोटात काही आठवडे मुक्काम ठोकतो. हात नीट धुतले नाहीत तर परत जेवणात उतरतो. सगळ्यांचंच तपासायला तिनं रिकाम्या डब्या पिशवीत टाकल्या. अक्काताई रडकुंडीला आली.

"लगीन होऊ दे की गं, मग मोज काय मोजायचं ते."

"मग काय दवाखान्यात वरात मोजू व्हय, आई?"

निपाणीत भावकूनं डबी बघितली आणि हात मागं घेतला. "पोरगी मागाय आलासा तवा नारळ घेऊन आलासा. आता ह्ये मागाय आलासा व्हय, ताई?"

"नको तर ऱ्हाऊ दे, अण्णा," माधवी गरीब तोंड करून म्हणाली. "येळ्ळूरच्या समद्यांनी दिलंय. ते म्हणत्यात, आमच्यात काय न्हाय, रोग निपाणीचा."

"कोण म्हणतंय त्ये?" नागेंद्र आतनं गरजला. "आण ती डबी हिकडं!"

येळ्ळूरमध्ये तोवर एकानंही डबी हातात धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीत सांगितलं, की निपाणीच्या सगळ्यांनी दिलंय आणि ते रोग येळ्ळूरचा म्हणतात. झालं! संध्याकाळी डब्या कमी पडल्या. मतदानाला एवढी रांग लागत नाही.

निकाल आला. दोन्ही गावांत जंतू तोच. नागेंद्रच्याही पोटात तो निघाला, आणि त्या पठ्ठ्याला साधी कळसुद्धा आली नव्हती. पहिल्यांदाच माधवीनं शून्य सोडून दुसरा आकडा वर पाठवला आणि साहेबांचा चहा बंद झाला. तपासणी स्वच्छ येईपर्यंत नागेंद्रनं कढईला हात लावायचा नाही, असं तिनं व्याह्यांना कळवलं. भावकूचा उलट निरोप आला, "कढई नागेंद्रची, न्हायतर लगीन न्हाय."

सौरव बहिणीशी बोलेना. अक्काताई जेवेना. छापून आलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्याकडं बघून माधवीलाही वाटून गेलं, की आणखी एक शून्य पाठवलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण त्या पंगतीत म्हातारी माणसं बसणार, कडेवरची पोरं बसणार. तिनं निरोपाला उत्तरच धाडलं नाही.

तोडगा काढला नवरीनं. साखरपुड्याची रात्र रचनानं संडासात काढली होती, ते ती विसरली नव्हती. बापासमोर उभी राहून म्हणाली, "आप्पा, मामाच्या हातचं खाऊन मी बोहल्यावर चढतो. पण मंगलाष्टका संपंपर्यंत टिकतो का न्हाय, ह्याची हमी कोण घेणार? तुमी?"

भावकूनं हमी घेतली नाही.

लग्न झालं. सदलग्याचा आचारी आला. भात, आमटी, जिलेबी, सगळं वाफाळतं. नागेंद्रची समजूत काढायला त्याला फेटा बांधून हातात माइक दिला, तरी तोंड वाकडंच. पंगतीत माधवीच्या पानासमोर थांबून, माइकवरच म्हणाला, "काय ताई, हाय काय जेवणाला चव? साखरपुड्याला कशी बोटं चाटत हुतासा!"

माधवीनं घास गिळला आणि म्हणाली, "चाटली की, मामा. पर दुसऱ्या दिवशी त्ये सांगाय तुमच्याबिगर कोण उठलं हुतं?"